अर्ध्या इंचाचं जंक्शन

आमची रेल्वे सगळी मिळून आठ फूट लांब आहे. इंजिन एक, डबे तीन, स्टेशन एक. ती बांधायला जेवढं लाकूड लागलं त्याच्या दुप्पट किस्से जमा झाले. कुणी घरी आलं आणि "तुमची ती रेल्वे दाखवा ना" म्हणालं की मी आधी चहा टाकायला सांगतो आणि किस्से सुरू करतो. किस्से संपेपर्यंत पाहुण्यांची जायची वेळ होते. रेल्वे बघितलेले लोक कमी आहेत, ऐकलेले जास्त.

आधी मंडळी सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. मी एव्हरशाईन सिटीत राहतो आणि दातांची लॅब चालवतो. डेंटिस्ट माप पाठवतात, मी कवळी बनवून देतो. तरी सगळे मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलं. दुसरे मुकेशभाई, त्यांचा सातिवलीत स्विचबोर्ड बनवायचा गाळा आहे. तिसऱ्या पापडीच्या फिलोमिना टीचर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शाळेतलाच. आणि मग हरीदादा आणि जगू, खाडीकाठच्या गावातले सख्खे भाऊ. दोघांचा किस्सा वेगळा आहे, तो येईलच.

*

पहिली मीटिंग मुकेशभाईंच्या गाळ्यावर झाली. तेव्हा आम्ही तिघंच होतो. मुकेशभाईंनी खडूने जमिनीवर प्लॅन काढायला घेतला. त्यांना घाट पाहिजे होता, बोगदा पाहिजे होता, बोगद्यातून बाहेर पडलं की नदी, नदीवर पूल. मला मोठं जंक्शन पाहिजे होतं. टीचरना फक्त एक छोटं स्टेशन आणि एक झाड पाहिजे होतं.

खडूची रेघ शटरपर्यंत गेली. मुकेशभाईंनी शटर वर केलं आणि रेघ बाहेर रस्त्यावर नेली. तिथे एक टेम्पोवाला माल उतरवायला थांबला होता. तो म्हणाला, "शेठ, गटर इधर से नहीं जाएगा, उधर ढलान है."

त्या दिवशी ठरलं की पहिली रेल्वे छोटी करायची आणि हलवता येईल अशी करायची. कुणाच्याच घरात कायमची जागा नव्हती. दोन बोर्ड, प्रत्येकी चार फूट. खाली घडीचे पाय. जिथे जाऊ तिथे दोन बोर्ड एकमेकांना बोल्टने जोडायचे, रुळाला रूळ लावायचा, गाडी सोडायची. कागदावर इतकं सोपं दिसत होतं की टीचर म्हणाल्या, "यात चुकायला जागाच कुठे आहे?"

*

बोर्ड करायला सुतार पाहिजे होता. टीचर म्हणाल्या, माझा एक विद्यार्थी आहे, जगन्नाथ, फर्निचर करतो, त्याला मी सांगते. मुकेशभाई म्हणाले, माझ्या गाळ्याच्या स्लॅबखालचं लाकडी सेंटरिंग केलं तो हरेश्वर चांगला माणूस आहे, त्याला मी बोलावतो. दोघांनीही एकमेकांना न विचारता बोलावलं.

रविवारी हरीदादा गाळ्यावर येऊन बसले होते. थोड्या वेळाने जगू दारात आला. हरीदादांना बघितलं आणि चप्पल काढता काढता थांबला. हरीदादांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. तेव्हा मला आणि मुकेशभाईंना कळलं की हे सख्खे भाऊ आहेत आणि चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

बापाच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली होती. ती भिंत आपल्या बाजूला सरकली असं दोघांचंही म्हणणं. मी नंतर दोन्ही बाजूंनी बघितली. मला ती मधोमधच दिसली, पण माझं ऐकतो कोण!

टीचरनी दोघांनाही चौथीत शिकवलेलं. त्या नुसतं म्हणाल्या, "बसा." दोघंही बसले. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

बसले आणि टिकले, याचं कारण वेगळं आहे. लहानपणी हे दोघं भाताच्या खाचराच्या बांधावर बसून खाडीपलीकडून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचे. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. हरीदादा म्हणाले, तो नेहमी एक डबा जास्त सांगायचा. जगू म्हणाला, तो नेहमी एक डबा कमी मोजायचा.

*

कामाची वाटणीही भिंतीसारखीच झाली. डावा बोर्ड हरीदादांनी त्यांच्या घरात करायचा, उजवा जगूने त्याच्या घरात. मधे भिंत आणि मधे मी.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाचही जण होतो. तिथे हरीदादा लिहायचे, "डॉक्टर, ज्यांच्याकडे दुसरा बोर्ड आहे त्यांना विचारा, रूळ काठापासून किती आत घेतला." लगेच खाली जगूचं, "डॉक्टर, ज्यांनी विचारलं त्यांना सांगा, नऊ इंच." पुन्हा हरीदादा, "डॉक्टर, कळवा की बरं आहे."

मी तेव्हा लॅबमध्ये कुणाच्या तरी पुढच्या दाताचा रंग जुळवत असायचो. अर्ध्या तासाने फोन बघायचो तोवर माझ्या नावाने सगळा संवाद होऊन गेलेला असायचा. एकदा मी लिहिलं की मी नसलो तरी चालतंय असं दिसतंय. त्यावर दोघांचंही एकाच वेळी उत्तर आलं, "नाय, डॉक्टर पाहिजेत."

टीचरनी लिहिलं, "वर्गात असलं काही चालत नव्हतं." दोघांनीही त्याला हात जोडले.

*

आता माझी फजिती. डोंगर करायचं काम माझ्याकडे होतं, कारण प्लास्टर म्हणजे माझा धंदा. लॅबमध्ये दातांच्या मापासाठी वापरतात ते कडक प्लास्टर भरपूर होतं. जगूच्या बोर्डावर कोपऱ्यात मी डोंगर ओतला. काय डोंगर झाला! कडे, घळी, सगळं. रंग संपला होता म्हणून कवळीला लावतो तो गुलाबी जरा मिसळला, लाल माती दिसेल म्हणून.

टीचर आल्या, चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हा डोंगर आहे की हिरडी?"

रंग बदलता आला असता. पण बोर्ड उचलायला गेलो तर उचलेना. मी आणि जगू, मग जगूचा शेजारी, मग शेजाऱ्याचा भाऊ. हलवता येणाऱ्या रेल्वेवर मी न हलणारा डोंगर करून ठेवला होता. शेवटी जगूने छिन्नी घेतली आणि दोन तास डोंगर फोडला. त्या आवाजाने भिंतीपलीकडे हरीदादांना वाटलं की भाऊ भिंत पाडतोय. ते भिंतीला कान लावून उभे होते, असं हरीदादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला नंतर सांगितलं. मी विचारलं, मग दादा ओरडले का? वहिनी म्हणाल्या, "नाय. वाट बघत व्हते."

दुसरा डोंगर टीचरनी केला. नाताळचा गोठा करतात तसा, खाली कागदाचे बोळे आणि वर गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून. एका हाताने उचलता येतो. अजून टिकून आहे.

*

डोंगर टीचरनी केला म्हणून स्टेशनावरची माणसंही टीचरकडे गेली. त्यांनी घरातल्या गोठ्यातले मेंढपाळ आणि मेंढ्या आणल्या. प्लॅटफॉर्मवर ठेवल्यावर मेंढपाळाचं डोकं डब्याच्या टपाच्याही वर गेलं.

मुकेशभाई हळूच म्हणाले, "टीचर, ये लोग अंदर कैसे बैठेंगे?"

"ते बसायला आलेले नाहीत," टीचर म्हणाल्या. "पोचवायला आलेत."

मेंढपाळ आजही पोचवायला उभे आहेत.

*

लिफ्टचा किस्सा माझ्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा सांगतात. खरा असा.

हरीदादांचा बोर्ड प्लॅटफॉर्म बसवायला माझ्या घरी आणायचा होता. मी आधीच लिफ्टचं माप घेतलं होतं. बोर्ड बरोबर बसत होता. टेम्पोतून उतरवला, लिफ्टमध्ये सरकवला, अगदी हिशेबात बसला. मग लक्षात आलं की आत उभं राहायला जागाच उरली नाही. मी लिफ्टचं माप घेतलं होतं, माणसाचं घ्यायचं राहिलं होतं.

मग असं ठरवलं की हात आत घालून माझ्या मजल्याचं, म्हणजे तिसऱ्याचं, बटण दाबायचं, हात काढून घ्यायचा आणि जिन्याने धावत वर जायचं. बटण दाबलं, दार लागलं, आम्ही धावलो. माझ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लिफ्ट वरून खाली येत होती. दार उघडलं तर आत बोर्ड, आणि बोर्डावर दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडी.

झालं होतं असं की सातव्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्ट वर बोलावली. दार उघडलं तर आत रूळ. त्यांना वाटलं कुणीतरी सामान वरखाली करतंय. त्यांनी आपल्याकडे चुकून आलेली तिसऱ्या मजल्याची दुधाची पिशवी आणि कोथिंबीर त्यावर ठेवून दिली आणि तीनचं बटण दाबलं.

हरीदादा धापा टाकत होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आपली पहिली मालगाडी."

*

वायरिंग मुकेशभाईंनी केलं, एकेक बोर्ड गाळ्यावर नेऊन. बोर्डाच्या खालून बघितलं तर सगळ्या वायरी लाल. येणारी लाल, जाणारी लाल, दिव्याची लाल, सिग्नलची लाल. मी विचारलं, अहो, दोष शोधायचा कसा? ते म्हणाले की लाल गुंडाळी गाळ्यात पडून होती, ती संपवली. आणि वर म्हणाले, "करंट को कौन सा रंग दिखता है?"

पहिल्यांदा स्विच दाबला तेव्हा गाडी जागची हलली नाही, पण स्टेशनाचं घड्याळ पेटलं. दुसऱ्यांदा सिग्नल पेटला आणि गाडी उलटी गेली. तिसऱ्यांदा गाळ्याचा पंखा बंद पडला. पंख्याचा आणि रेल्वेचा काही संबंध नाही असं मुकेशभाई अजून सांगतात.

*

आता भावांकडे परत येतो.

पापडीत एका हॉलमध्ये शाळेच्या मुलांसाठी छंदांचं प्रदर्शन होतं. टीचरनी आमचं नाव देऊन टाकलं होतं. त्याच्या आधी एकदा दोन्ही बोर्ड जोडून बघायचे होते. मी एका संध्याकाळी हरीदादांकडे उंचीचं बोलायला गेलो. वहिनींनी चहा दिला. दादा आत हात धुवायला गेले तशा वहिनी दारापर्यंत आल्या.

"डॉक्टर, गाडी चालू दे नायतर नको चालू दे," त्या म्हणाल्या. "आमची प्राजक्ता मे महिन्यात लग्नाची हाय. आमच्यात मांडव दारात घालतात. दार एकच व्हतं तेव्हा अंगन एकच व्हतं. आता अर्धा मांडव घालायचा काय?"

दादा जगूला बोलावत नव्हते, कारण धाकट्याने स्वतःहून यायला पाहिजे. जगू येत नव्हता, कारण बोलावलं नव्हतं. जावाजावा मात्र रोज परसदारी भेटत होत्या. हळदीच्या साड्यासुद्धा दोघींनी मिळून निवडल्या होत्या. जगूच्या बायकोने मला त्याच संध्याकाळी, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, जवळजवळ हेच सांगितलं. चहाही तसाच होता.

मला खरंच वाईट वाटलं. प्राजक्ताला मी ओळखतो, माझ्या लॅबमध्ये सहा महिने हिशेब सांभाळायला होती. काका मांडवात नसेल तर ती हसतमुखाने उभी राहणारी मुलगी नाही.

*

जोडून बघायचं सातिवलीत, गाळ्यावर. दोघंही आपापला बोर्ड घेऊन आले, वेगवेगळ्या टेम्पोतून, एकाच गावाहून, एकामागे एक. पाय उघडले, बोर्ड जवळ सरकवले. रुळासमोर रूळ बरोबर आला. पण हरीदादांचा बोर्ड अर्धा इंच वर.

माप मीच दोन्हीकडे सांगितलं होतं, तीन फूट. दोघांनी तीनच फूट घेतलं होतं. हरीदादा सेंटरिंगवाले. ते आधी टेकू मोजून कापतात आणि वर प्लाय टाकतात. त्यामुळे पाय तीन फूट आणि वर अर्ध्या इंचाचा प्लाय. जगू फर्निचरवाला. त्याच्या धंद्यात टेबलाची उंची म्हणजे वरच्या फळीसकट. त्यामुळे प्लाय धरून तीन फूट. कुणीही चुकलं नव्हतं, आणि तीच अडचण होती.

हरीदादा म्हणाले, "डॉक्टर, त्यांना सांगा, माप बरोबर हाय माझं."

जगू म्हणाला, "डॉक्टर, माझंही."

दोघांनी पाय मिटले. मुकेशभाईंनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या, कुणी घेतल्या नाहीत. हरीदादा डाव्या दाराने गेले, जगू उजव्या. गाळ्याला दोन दारं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मी टीचरना फोन केला आणि म्हणालो की नाव मागे घ्या. त्या म्हणाल्या, "मी नाव मागे घेत नाही." आणि फोन ठेवला.

*

प्रदर्शनाचा दिवस. शेजारच्या चर्चमधली सकाळची मिस्सा सुटली होती, मुलं अजून यायची होती. हॉलमध्ये आम्ही पाचच. मी खिशात पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन गेलो होतो, काही नाही तर पायाखाली घालू म्हणून. हरीदादा एक कापडी पिशवी खांद्याला लावून आले होते, ती त्यांनी खुर्चीवर ठेवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाय उघडले. बोर्ड उभे राहिले. सरकवले.

रुळासमोर रूळ आला. आणि जगूचा बोर्ड अर्धा इंच वर!

मुकेशभाई वाकून खाली बघू लागले. हरीदादांच्या बोर्डाच्या चारही पायांना खालून ताजा काप होता, लाकूड पांढरं दिसत होतं. जगूच्या चारही पायांना खाली अर्ध्या इंचाचे ठोकळे बसवलेले, गोंद लावून, स्क्रू मारून, वर पॉलिश करून. फर्निचरवाल्याचं काम. ते निघणार नव्हतं.

दोघंही खाली वाकले होते. दोघांनीही दुसऱ्याचे पाय बघितले.

"तू पन?" हरीदादा म्हणाले.

चार वर्षांत पहिला शब्द. जगूने एका कापलेल्या पायावरून बोट फिरवलं.

"तू कापलंस कशाला? मी वाढवला ना."

"मला कोन सांगनार व्हता?"

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी शपथेवर सांगतो, मला दोघांपैकी कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. पण त्या नजरेपुढे मी पुठ्ठ्याचे तुकडे बाहेर काढले. ते इतके पातळ होते की टीचरना हसू आलं.

बाहेर मुलांचा आवाज यायला लागला. जगू हरीदादांच्या बोर्डाजवळ गुडघ्यावर बसला, एका हाताने बोर्ड उचलून धरला आणि दुसऱ्या हाताने आजूबाजूला काही जाडसर मिळतं का बघू लागला. खुर्चीवरच्या कापडी पिशवीत त्याला कागदाचा गठ्ठा लागला. जाड, गुळगुळीत, बरोबर पाहिजे तेवढा. त्याने तो ओढून काढला आणि पायाखाली सरकवणार, एवढ्यात हरीदादांनी त्याचा हात धरला.

"त्या नाय. प्राजक्ताच्या पत्रिका हायत, देवाचं चित्र हाय वर." त्यांनी हात सोडला. "देवापुढे ठेवून आलोय. वरची काढ. ती तुझी."

जगूने बोर्ड गुडघ्यावर टेकवला आणि वरची पत्रिका काढली. उघडली नाही. उलटसुलट करून बघितली, शर्टाला हात पुसला, आणि परत गठ्ठ्यावर ठेवून दिली.

"घरातल्याला कोन पत्रिका देतो?" तो म्हणाला, आणि पायाखाली घालायला मुकेशभाईंकडे स्विचच्या प्लेटी मागितल्या.